आलेफ की बेथ? एका लग्नाच्या तारखेचा बर्लिन ते मुंबई शोध

माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून घरगुती तपशील बदलले आहेत, नावं गाळली आहेत. कायदे आणि दप्तरांविषयी जे लिहिलंय ते जसंच्या तसं आहे.

पार्श्वभूमी

२०२१च्या दिवाळीनंतर मला इस्रायलमधल्या अश्दोदहून फोन आला. पलीकडच्या बाई म्हणाल्या, "माझं मराठी जरा जुनं आहे हो, समजून घ्या." जुनं कसलं, माझी आत्या बोलायची तसंच होतं. बाई बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातल्या. वडील लहानपणी भायखळ्याला वाढले आणि साठच्या दशकात इस्रायलला गेले. मी जुने कागद शोधून देतो. बहुतेक काम जन्म-मृत्यूचे दाखले आणि जमिनीचे फेरफार यांचं. जर्मन कागद तोवर हाताळले नव्हते, आणि ते मी त्यांना आधीच सांगितलं.

त्यांचे आजोबा अलिबागकडचे, आडनाव अर्थातच गावावरून. आजी मात्र बर्लिनची, १९१४चा जन्म. तिला दंतवैद्य व्हायचं होतं. एप्रिल १९३३मध्ये जर्मन शाळा-विद्यापीठांतली "गर्दी कमी करण्याचा" कायदा आला. त्यात ज्यू विद्यार्थ्यांचा वाटा आकड्यात बांधला गेला आणि हिचा प्रवेश तिथेच संपला. धाकटा भाऊ आधी मुंबईला पोचला होता. नोव्हेंबर १९३८मध्ये नाझींनी ज्यूंविरुद्ध केलेल्या जाळपोळीनंतर तीही निघाली आणि १९३९च्या सुरुवातीला बॅलार्ड पिअरवर उतरली. पासपोर्टवर लाल 'जे'चा शिक्का होता आणि नावात नसलेलं 'सारा' हे नाव. १ जानेवारी १९३९पासून, नावावरून ज्यू असल्याचं कळत नसेल अशा प्रत्येक ज्यू बाईला 'सारा' आणि पुरुषाला 'इस्राएल' हे जोडनाव सक्तीचं झालं होतं. आई बर्लिनलाच राहिली. तिचा व्हिसा निघायच्या आत सप्टेंबर उजाडला आणि युद्ध सुरू झालं.

मुंबईत १९३४पासून ज्युईश रिलीफ असोसिएशन काम करत होती. निर्वासित सरकारवर बोजा होणार नाहीत याची हमी ही मंडळी द्यायची. पण युद्ध सुरू होताच हमीचा उपयोग संपला. हिटलरपासून पळून आलेला माणूसही सरकारी रकान्यात 'जर्मन', म्हणजे शत्रुराष्ट्राचा नागरिक. भावाला उचलून अहमदनगरच्या छावणीत नेलं. चौकशी समितीपुढे उभं केल्यावर सोडलं. १९४०मध्ये फ्रान्स पडल्यावर पुन्हा धरलं आणि या वेळी पुरंदरावर ठेवलं. शिवाजी-संभाजीच्या गडावर बर्लिनचा ज्यू कैदी, तोही जर्मन म्हणून! घरात मात्र ही गोष्ट "आजी पुरंदरावर कैदेत होती" अशी सांगितली जायची. आजी कधीच कैदेत नव्हती. ती रविवारी बसने भावाला भेटायला जायची.

प्रश्न काय होता

बाईंच्या मुलाला जर्मनीत शिकायचं होतं, आणि त्यांना स्वतःलाही आजीचं नागरिकत्व परत मागायचं होतं. जर्मन मूलभूत कायद्याच्या कलम ११६(२)प्रमाणे, ३० जानेवारी १९३३ ते ८ मे १९४५ या काळात वंश, धर्म किंवा राजकारणापायी नागरिकत्व काढून घेतलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना ते मागता येतं. काढून घेण्याच्या रीती दोन होत्या. १९३३च्या कायद्याने एकेकाचं नाव यादीत छापून काढायचे. मग २५ नोव्हेंबर १९४१च्या अकराव्या हुकमाने परदेशी राहणाऱ्या सगळ्या ज्यूंचं नागरिकत्व एका फटक्यात गेलं, आणि मालमत्ताही जर्मन राइखकडे जमा झाली.

हे ऐकायला सोपं वाटतं. मेख अशी की हुकमाच्या दिवशी आजी जर्मन नागरिक असायला हवी होती. १९१३च्या जर्मन कायद्यानुसार परक्या देशाच्या माणसाशी लग्न करणाऱ्या बाईचं नागरिकत्व आपोआप जायचं. अलिबागकडचे आजोबा ब्रिटिश प्रजा होते, आणि ब्रिटिश कायद्याने त्यांची बायकोही ब्रिटिश प्रजाच. म्हणजे लग्न नोव्हेंबर १९४१नंतरचं असेल तर नागरिकत्व हिटलरच्या हुकमाने गेलं, आधीचं असेल तर लग्नाने गेलं.

अनेक वर्षं ही दुसरी वाट म्हणजे बंद दार होतं. बाईंच्या एका आत्याने नव्वदच्या दशकात चौकशी केली तेव्हा तिला तेच उत्तर मिळालं होतं: लग्नाने गेलं, आमचा संबंध नाही. छळ झाला नसता तर ही मुलगी मुंबईला येऊन लग्न करतीच कशाला, हा प्रश्न कायद्याला पडत नव्हता. तो पडायला ऑगस्ट २०२१ उजाडावा लागला. त्या महिन्यात जर्मन नागरिकत्व कायद्यात नवं कलम १५ लागू झालं. छळाच्या संदर्भात २६ फेब्रुवारी १९५५पूर्वी ज्यांनी नागरिकत्व सोडलं किंवा गमावलं, लग्नामुळे गमावलेलं धरून, त्यांच्या वंशजांनाही हक्क मिळाला. बाईंचा फोन त्यानंतर तीन महिन्यांनी आला.

घरात काय होतं

लग्नाचा एक फोटो होता आणि त्याच्या मागे '१९४२' लिहिलेलं होतं. केतुबा, म्हणजे विवाहपत्र, हरवलं होतं. आजोबांच्या भावाचं मराठीतलं एक पत्र होतं, त्यावर तारीख नव्हती. रेडक्रॉसतर्फे बर्लिनहून आलेला एक निरोप फ्रेम करून भिंतीला लावला होता. असे निरोप पंचवीस शब्दांचे असायचे. हा घरात कुणी वाचला नव्हता, कारण जर्मन कुणालाच येत नव्हतं. वाचून घेतला तेव्हा तब्येत, हवापाणी आणि "काळजी करू नका" एवढंच निघालं.

फोटोमागचा आकडा बॉलपेनने लिहिलेला होता. १९४२ साली मुंबईत बॉलपेन कुठलं? तेव्हा आकडा नंतरच्या कुणीतरी टाकलेला. तो कुणी आणि कधी टाकला असेल याचा मला एक अंदाज आहे. आत्याला मिळालेला नकार वर सांगितलाच आहे. तो अंदाज मी अहवालात लिहिला नाही.

पर्याय

पहिला पर्याय एका एजंटाने सुचवला: १९४२ धरा, ११६(२)खाली अर्ज टाका, फोटो जोडा, पुढचं ते बघतील. दुसरा ठाण्याच्या चुलतभावाचा. त्याचं म्हणणं, कलम १५ आलंय ना, मग तारखेच्या भानगडीत पडायचंच कशाला, "लग्न मुंबईत झालं" एवढं पुरे. तिसरा माझा: आधी तारीख शोधायची आणि मग कुठलं कलम ते ठरवायचं.

एजंटाचा सल्ला बाईंनी पाच मिनिटांत उडवून लावला. "आजीवर आधीच खोटं नाव लादलं होतं, आता आपण खोटी तारीख लादायची?" चुलतभावाच्या म्हणण्यात मात्र तथ्य होतं, आणि ते मी तेव्हा नीट ऐकून घेतलं नाही. बर्लिनमधून आलेली ज्यू मुलगी म्हणून तिचा छळ झाला हे दाखवणारे कागद पुरेसे होते. अर्ज लगेच टाकून तारखेचा पुरावा मागाहून देता आला असता. पण मला कोडं सुटायला हवं होतं. कागद शोधणाऱ्याला ही खोड असते आणि तिची किंमत गिऱ्हाईक भरतं. इथे ती आठ महिन्यांच्या उशिराने भरली गेली.

मुंबईतला शोध

भायखळ्याच्या आसपासच्या एका सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळाच्या, विश्वस्तांनी विवाहनोंदवही पाहू दिली. अर्धी हिब्रू, अर्धी मराठी. नवऱ्याचं नाव, गाव, वधूचं नाव (बर्लिनचा उच्चार मराठीत जमेल तसा), आणि "रविवार, अदार १७". वर्ष हिब्रू अक्षरांत: ताव, शिन आणि तिसरं अक्षर. त्या तिसऱ्या अक्षरावर कधीकाळी पाणी सांडलेलं. आलेफ असेल तर वर्ष ५७०१, बेथ असेल तर ५७०२. अदार महिना फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो. म्हणजे एक अक्षर ठरवणार की लग्न १९४१च्या वसंतातलं की १९४२च्या, आणि मधे २५ नोव्हेंबर १९४१ उभा.

अर्धा दिवस मी भिंगाखाली डाग बघत बसलो. एका म्हाताऱ्या हझानांनाही, म्हणजे सिनेगॉगात प्रार्थना म्हणणाऱ्यांनाही, दाखवला. ते म्हणाले आलेफ, त्यांचे चिरंजीव म्हणाले बेथ. शेवटी उत्तर मिळालं ते अक्षरात नव्हे, शेजारच्या 'रविवार' या शब्दात. ५७०१ साली अदारची १७ म्हणजे १६ मार्च १९४१, आणि तो रविवार होता. ५७०२ साली तीच तिथी ६ मार्च १९४२ला, शुक्रवारी आली. कुण्या कारकुनाने सवयीने वार लिहून ठेवला म्हणून हे सुटलं.

दुसरा दुवा घरातच मिळाला. १९३९च्या कायद्याखाली परदेशी माणसाला नोंदणीचा दाखला बाळगावा लागे. आजीचा दाखला शिवणाच्या डब्यात पट्ट्यांखाली सापडला. 'राष्ट्रीयत्व: जर्मन' यावर काट मारून "लग्नाने ब्रिटिश प्रजा" असा शेरा आणि खाली सही. शिक्क्यातलं साल पुसट, महिना मात्र एप्रिल. सोळा मार्चशी जुळणारा.

आजोबांच्या भावाच्या पत्राने वेगळीच गंमत केली. त्यात वाक्य होतं, "रविवारी मशिदीत लग्न लागलं, जेवण घरीच." जर्मनीतल्या अधिकृत अनुवादकाने प्रामाणिकपणे मुसलमानांच्या मशिदीचा जर्मन शब्द लिहिला. ज्यू वधूचं लग्न मशिदीत! कोकणातले बेने इस्रायली सिनेगॉगला मशीदच म्हणत. १७९६चं शार हारहमीम ही त्यांची 'जुनी मशीद', आणि मस्जिद बंदर स्टेशनाचं नाव तिच्यावरूनच पडलं. हे एक पानभर समजावून लिहिलं, तेव्हा अनुवादाला तळटीप जोडली गेली. अर्ज तसाच गेला असता तर अधिकाऱ्याने धर्मांतराबद्दल प्रश्न विचारला असता आणि आणखी सहा महिने गेले असते. मराठी कागद परक्या अनुवादकाकडे देताना सोबत शब्दांची यादी द्यायची, हे मी तेव्हापासून करतो.

बर्लिनचा कागद

युद्धानंतर पश्चिम जर्मनीने नुकसानभरपाईचा कायदा केला. १९५६मध्ये तो सुधारून १ ऑक्टोबर १९५३पासून मागे लागू केला. प्रत्येक दावेदाराची फाइल असे. आजीने दावा केला असेल असं घरात कुणालाच माहीत नव्हतं. मी बर्लिनच्या भरपाई कार्यालयाला लिहिलं ते सगळ्यात शेवटी. वंशजत्वाचे दाखले जोडून विचारलं, आणि फाइल निघाली.

आधी मी अरोल्सेन आर्काइव्ह्जमध्ये शोधलं होतं. छळ झालेल्यांच्या तीन कोटींच्या आसपास कागदांचं ते भांडार आहे, १९४५नंतर हरवलेल्या माणसांच्या शोधासाठी उभं राहिलेलं आणि २००७मध्ये संशोधकांना खुलं झालेलं. तिथली नावांची कार्डं ऐकू येणाऱ्या उच्चाराप्रमाणे लावलेली आहेत, पण कोकणी आडनावाचा जर्मन कान काय करेल हे मला ताडता आलं नाही. भरपाईच्या फाइलमध्ये आजीचं सासरचं आडनाव तीन स्पेलिंगांनी आलंय आणि तिन्ही चूक आहेत.

फाइलमध्ये आजीचं शपथपत्र होतं: "१६ मार्च १९४१ रोजी मुंबई येथे माझा विवाह झाला." म्हणजे एजंटाचं ऐकून १९४२ लिहिलं असतं, तर ज्या सरकारकडे अर्ज करायचा त्याच सरकारच्या कपाटातल्या आजीच्या शपथेशी तो भिडला असता. आणि आठ महिने मी ज्या आलेफसाठी घालवले ते उत्तर इथे टाइप करून ठेवलेलं होतं.

तिला शिक्षण बुडाल्याबद्दल ठोक पाच हजार मार्क मिळाले होते. या पैशांचं काय झालं हे बाईंनी वडिलांना विचारलं. ते म्हणाले, "एका वर्षी घरात शिवणयंत्र आणि रेडिओ दोन्ही आले, ते आठवतंय." आजीच्या भावाच्या दाव्याचा उल्लेखही फाइलमध्ये होता. कैदेच्या प्रत्येक पूर्ण महिन्याला दीडशे मार्क हा दर होता, पण अहमदनगर आणि पुरंदरची कैद ब्रिटिशांनी घातलेली. तिचा एक फेनिगही मिळाला नाही. नियमाला धरून हे बरोबरच होतं.

निकाल

अर्ज २०२३च्या सुरुवातीला कलम १५खाली गेला, तारीख १६ मार्च १९४१ लिहून. या अर्जाला फी नसते आणि इस्रायली नागरिकत्व सोडावं लागत नाही. कोलोनच्या संघीय प्रशासन कार्यालयाने एकदाच खुलासा मागितला, तो वधूच्या नावाच्या मराठी लेखनाबद्दल. दोन वर्षांहून अधिक काळाने बाईंना आणि मुलाला प्रमाणपत्रं मिळाली. मुलाचं शिकायचं वय तोवर थोडं पुढे सरकलं होतं.

ठाण्याच्या चुलतभावाने अर्ज केला नाही. भारतीय कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाही. जर्मन घेतलं की भारतीय जातं, मग ओसीआय कार्डावर, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाच्या कार्डावर, आपल्याच गावात राहायचं. "आजीने एक देश गमावून हा मिळवला, मी हा देऊन तो घेऊ?" असं तो म्हणाला. मग हसून म्हणाला, "शिवाय माझी पेन्शन."

पुन्हा करायचं झालं तर

भरपाई कार्यालयाला पत्र पहिल्याच आठवड्यात पाठवीन. निर्वासिताने युद्धानंतर स्वतः शपथेवर काय सांगितलं, ते आधी बघायचं आणि मग बाकीचे शिक्के. छळाच्या काळातले कागद छळणाऱ्यांनी त्यांच्या सोयीसाठी केलेले आहेत. त्यांत माणूस त्यांच्या रकान्यात सापडतो, 'सारा' या नावाखाली. भरपाईच्या फाइलमध्ये निदान त्याचा स्वतःचा आवाज असतो, कारकुनाने गाळूनघेऊन उरलेला का होईना.

चुलतभावाचा पर्याय पुन्हा आला तर तोच निवडीन.

आणि एक चूक अशी, की ती वेळापत्रकाची नाही. भरपाईच्या फाइलमध्ये आजीच्या आईचा उल्लेख होता, म्हणून मी पोट्सडामच्या ब्रांडेनबुर्ग अभिलेखागारात तिचीही फाइल शोधली. बाईंनी मागितली नव्हती. पणजीला १९४२च्या उन्हाळ्यात बर्लिनहून टेरेझिनच्या नाझी छावणीत नेलं आणि पुढल्या वर्षी ती तिथेच वारली. तिथे सुमारे तेहतीस हजार माणसं मेली, त्यांतली ती एक. नेण्याआधी प्रत्येकाकडून सोळा पानी मालमत्तापत्रक भरून घेत: खाटा किती, उशा किती, चमचे किती. अकराव्या हुकमाने जप्ती व्हायची ती परदेशी नेलेल्यांची, आणि टेरेझिन त्यांच्या हिशेबात परदेश नव्हतं. म्हणून तिथे जाणाऱ्यांच्या हातात बेलिफ जप्तीचा वेगळा आदेश ठेवायचा आणि पोच घ्यायचा. चोरीचीही पावती.

स्कॅन आला तसा मी तो ईमेलला जोडून पाठवला. विषयात लिहिलं, "आणखी काही कागद." बाई हैफाला जाणाऱ्या बसमध्ये होत्या. फोनवर उघडला तर पणजीचं हस्ताक्षर. त्या पाच आठवडे माझ्याशी बोलल्या नाहीत. आता मी आधी फोन करतो. काय सापडलंय ते एका वाक्यात सांगतो, हवंय का ते विचारतो आणि "नको" हे उत्तर धरून चालतो. तेव्हा विचारलं असतं तर त्या नको म्हणाल्या असत्या का? बहुधा हो, निदान त्या दिवशी.

एक ओळ

सहाव्या आठवड्यात फोन आला. पत्रकाच्या दुसऱ्या पानावर एक प्रश्न आहे: कुटुंबातलं कोण देशाबाहेर गेलं आणि कुठे? पणजीने मुलाचं नाव लिहून पुढे "मुंबई" लिहिलंय. त्याखाली मुलीचं नाव. सरकारी नियमाप्रमाणे मधे 'सारा', पण त्यापुढे माहेरचं आडनाव नाही. तिथे अलिबागकडच्या गावाचं नाव आहे, शेवटी 'कर', सगळी अक्षरं एकमेकांवर चढलेली, एक खोडून पुन्हा लिहिलेलं. चौथं चूक स्पेलिंग.

आईला लग्नाचं कळलं होतं की नाही, हे आजीला मरेपर्यंत माहीत नव्हतं. रेडक्रॉसच्या निरोपात त्याबद्दल अक्षर नाही.

"तेवढी एक ओळ कापून मला पाठवा," बाई म्हणाल्या. "बाकीची पानं तुमच्याकडेच ठेवा. आणि पप्पांना काही सांगू नका, मी स्वतः वाचून दाखवीन. गावाचं नाव कसं वाचायचं ते मला येतं."